पनामा कालव्याच्या आधीचे सरकारी सर्व्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनामा कालवा कसा खोदला यावर बरंच वाचायला मिळतं. पण तो कुठून न्यायचा हे ठरवायला वेगवेगळ्या सरकारांनी शंभर वर्षं जी मोजामोज केली, तिच्याबद्दल मराठीत फारसं काही नाही. मी त्यावर अधूनमधून लिहितो आणि दर वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. माझा पेशा कालव्यांच्या आखणीचा होता. त्यामुळे लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफच्या (तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी) गोष्टी जरा जास्त झाल्या तर सांभाळून घ्या.

१. दोन महासागर जोडायचा विचार सगळ्यात आधी कोणत्या सरकारने केला?

स्पेनच्या. १५१३ साली बाल्बोआ या स्पॅनिश शोधकाने पनामाच्या पूर्वेकडचं दारिएनचं जंगल ओलांडून पॅसिफिक पाहिला. पुढच्या वीस-एकवीस वर्षांतच, १५३४ मध्ये, सम्राट पाचव्या चार्ल्सने पनामाच्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला की चाग्रेस नदी आणि पॅसिफिक यांच्यामधल्या जमिनीची पाहणी करा. पास्कुआल दे आंदागोयाने उलट कळवलं की जगातल्या कुठल्याही राजाला हे जमणार नाही. सरकारी फायलीतला हा पहिला ‘अव्यवहार्य’ शेरा. त्या काळची अवजारं पाहता तो बरोबरच होता.

२. पनामाची जमिनीची पट्टी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद. मग वाट सापडायला साडेतीनशे वर्षं का लागली?

कारण कालव्याला रुंदी कमी असून भागत नाही, उंची कमी लागते. संयोगभूमीचा (दोन खंडांना जोडणाऱ्या या पट्टीचा) सगळ्यात अरुंद भाग सान ब्लासचा, सुमारे ३० मैलांचा. पण तिथे मधोमध असा डोंगर उभा आहे की बोगद्याशिवाय गत्यंतर नाही. आपल्याकडे कोकणातून देशावर चढताना सरळ रेषेत सगळ्यात जवळचा घाट सोयीचा असतोच असं नाही. तसंच हे.

दुसरं कारण नकाशांचं. हुम्बोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नऊ संभाव्य मार्गांची यादी केली आणि निकाराग्वाला झुकतं माप दिलं. हुम्बोल्ट मोठा शास्त्रज्ञ, पण पनामात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं लोक त्याच्या यादीवरच वाद घालत बसले. १८६६ मध्ये अमेरिकन सिनेटने नौदलाकडे सगळ्या मार्गांची माहिती मागितली. अॅडमिरल चार्ल्स डेव्हिसने कालव्याच्या १९ आणि रेल्वेच्या ७ योजना गोळा केल्या आणि प्रांजळपणे लिहिलं की हातात आहे त्या माहितीवर निवड करताच येणार नाही. मला हा अहवाल फार आवडतो. ‘आम्हाला ठाऊक नाही’ असं सरकारी कागदावर लिहायला धाडस लागतं.

३. पॅसिफिकची पातळी अटलांटिकपेक्षा उंच आहे, हे खरं की अफवा?

दोन्ही थोडं थोडं. अनेकांना भीती होती की कालवा खोदला तर एक समुद्र दुसऱ्यात ओतला जाईल. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार याने १८२७ मध्ये जॉन ऑगस्टस लॉइड हा इंग्रज आणि फाल्मार्क हा स्वीडिश अशा दोन अधिकाऱ्यांना पनामात लेव्हल घ्यायला पाठवलं. १८२९ पर्यंत त्यांनी समुद्रापासून समुद्रापर्यंत पातळी नेली. त्यांच्या मोजणीत पॅसिफिकची सरासरी पातळी साधारण साडेतीन फूट वर आली. आजच्या मोजणीत हा फरक त्याहून कमी भरतो. पण पावसात, चिखलात, त्या काळच्या उपकरणांनी एवढं जवळ जाणं म्हणजे उत्तम काम.

खरी भानगड भरती-ओहोटीची आहे. कोलोनकडे, म्हणजे अटलांटिकच्या बाजूला, पाणी फूट-दीड फूट वरखाली होतं. पनामा शहराकडे हाच फरक २० फुटांपर्यंत जातो. म्हणजे एका टोकाला समुद्र जवळजवळ स्थिर आणि दुसऱ्या टोकाला दिवसातून दोनदा दुमजली घराएवढा चढ-उतार. समुद्रसपाटीचा कालवा खोदला असता तरी पॅसिफिककडे भरतीचा दरवाजा लागलाच असता.

४. अमेरिकन सरकारचा पहिला अभ्यास कोणता?

१८३५ चा, आणि तो फसला. सिनेटच्या ठरावानंतर राष्ट्राध्यक्ष अँड्रयू जॅक्सनने चार्ल्स बिडल नावाच्या गृहस्थाला निकाराग्वा आणि पनामा पाहून यायला पाठवलं. बिडलसाहेब निकाराग्वाला गेलेच नाहीत. ते बोगोटाला पोहोचले (पनामा तेव्हा तिथल्या सरकारच्या ताब्यात होता) आणि त्या सरकारकडून वाहतुकीचा मक्ता स्वतःच्या खासगी मंडळींसाठी मिळवला. वॉशिंग्टनने हात झटकले. अभ्यासाला पाठवलेला माणूस ठेकेदार होऊन परततो हे वाचून आपल्याला फारसं नवल वाटत नाही, पण त्यांना वाटलं.

फ्रेंच सरकारने १८४३ मध्ये नापोलेओं गारेला या अभियंत्याला पाठवलं. त्याच्या आराखड्यात लॉकच्या (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांच्या) लांबलचक माळा होत्या आणि जहाजांसाठी काही किलोमीटरचा बोगदा होता. शिडांची जहाजं बोगद्यातून न्यायची म्हणजे डोलकाठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणारच.

५. दारिएनमध्ये लेफ्टनंट स्ट्रेनच्या तुकडीचं काय झालं?

एडवर्ड कलन नावाच्या आयरिश डॉक्टरने छापून टाकलं होतं की कॅलेडोनिया उपसागरापासून पॅसिफिकपर्यंत जाणारी एक खिंड आहे आणि ती दीडशे फुटांहून उंच नाही. त्याच्या भरवशावर अमेरिकन नौदलाच्या आयझॅक स्ट्रेनने जानेवारी १८५४ मध्ये २७ जणांसह जंगलात पाऊल टाकलं. शिदोरी थोड्याच दिवसांची होती.

डोंगर ओलांडल्यावर त्यांना एक नदी लागली. ही आपल्याला पॅसिफिकला नेईल अशा समजुतीने ते तिच्या काठाने चालू लागले. ती चुकुनाके होती. ही नदी समुद्राकडे सरळ न जाता संयोगभूमीच्या लांबीच्या दिशेने वळणं घेत वाहते. आठवड्यांमागून आठवडे गेले. माणसं पाम-फळं आणि हाताला लागेल ते खात होती, काही वाटेतच मेली. शेवटी स्ट्रेन मोजक्या साथीदारांसह पुढे जाऊन मदत घेऊन आला, तेव्हा उरलेले वाचले. खिंड नव्हतीच. तिथले डोंगर कलनच्या आकड्याच्या कितीतरी पट उंच निघाले.

एक चुकीची उंची, तीही न मोजता लिहिलेली. मी एकदा घाटात स्टाफवरचं रीडिंग बरोब्बर एक मीटरने चुकवलं होतं. संध्याकाळी बेंचमार्कवर (उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवर) येऊन लेव्हल बंद करताना ते उघड झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळी रेषा पुन्हा चालावी लागली. माझी किंमत एक दिवस. स्ट्रेनच्या लोकांनी किती दिली ते वर लिहिलंच आहे.

६. अमेरिकन राष्ट्राध्यक्ष ग्रँटला या विषयात एवढा रस का होता?

जुलै १८५२ मध्ये तो कॅप्टनही नव्हता, तेव्हा त्याच्या पलटणीबरोबर पनामा ओलांडून कॅलिफोर्नियाला निघाला होता. रेल्वे अर्धवट होती, पुढे होड्या आणि खेचरं, वर पावसाळा. पटकी लागली. सैनिक, त्यांच्या बायका, मुलं मिळून सुमारे दीडशे माणसं गेली. रसद सांभाळण्याचं काम ग्रँटकडे होतं, म्हणजे खेचरं मिळवण्यापासून प्रेतं पुरण्यापर्यंत सगळं. १८६९ मध्ये तो अध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी कालव्याचा मार्ग मोजायच्या मोहिमा सुटल्या. नौदलाच्या बाजूने सूत्रं होती डॅनियल अॅमनकडे. तो ग्रँटचा बालमित्र. लहानपणी त्याने ग्रँटला बुडताना ओढून काढलं होतं.

७. १८७० ते १८७५ या काळात नेमकं कुठे कुठे मोजलं?

उत्तरेकडून निघू. मेक्सिकोतलं तेवान्तेपेक कॅप्टन शुफेल्टने पाहिलं. खिंड सुमारे साडेसातशे फुटांवर, म्हणजे शंभरावर लॉक लागणार. विषय संपला.

निकाराग्वाची मोहीम सुरुवातीलाच हादरली. तिचा प्रमुख कमांडर क्रॉसमन एप्रिल १८७२ मध्ये ग्रेटाउनच्या (निकाराग्वाचं अटलांटिककडचं बंदर) किनाऱ्यावर लाटांमध्ये होडी उलटून खलाशांसह बुडाला. नंतर हॅटफील्ड आणि मग एडवर्ड लल यांनी ते काम १८७३ पर्यंत पुरं केलं. याच ललने १८७५ मध्ये पनामाची रेषाही मोजली. दोन्हीकडे त्याच्याबरोबर क्युबात जन्मलेला अभियंता आनिसेतो मेनोकाल होता. दोन स्पर्धक मार्ग एकाच हाताने मोजलेले असणं ही तुलनेसाठी मोठी गोष्ट.

दारिएन आणि सान ब्लास कमांडर थॉमस सेल्फ्रिजकडे होतं. (यादवी युद्धात या माणसाच्या पायाखालची तीन जहाजं बुडाली होती. तरी नौदलाने त्याला चौथं दिलं!) त्याने कलनची खिंड कायमची निकालात काढली. मग तो कोलंबियातल्या आत्रातो नदीच्या खोऱ्यात गेला, तिथे एक मोठा बोगदा सुचवला आणि शेवटपर्यंत त्याच मार्गाच्या प्रेमात राहिला. लेफ्टनंट कॉलिन्सने १८७५ मध्ये तोच मार्ग पुन्हा मोजला आणि खर्चाचा आकडा वर गेला.

८. तेव्हा सर्व्हे प्रत्यक्षात करायचे कसे?

आधी बॅरोमीटर. हवेच्या दाबावरून उंचीचा ढोबळ अंदाज. एखादी खिंड आशादायक वाटली की मग खरी लेव्हल. पुढे कोयते घेतलेली माणसं झाडी तोडत रेघेएवढी वाट करतात, मागून ट्रान्झिटवाला (कोन मोजायची दुर्बीण घेतलेला) दिशा धरतो, साखळीवाले अंतर टाकतात, शेवटी लेव्हलवाला दुर्बिणीतून स्टाफवरचा आकडा वाचतो. मागचं रीडिंग, पुढचं रीडिंग, वही, पुन्हा उचल तिपाई. मोकळ्या माळावर एका ठिकाणाहून बरंच दूर दिसतं. दाट जंगलात पंधरा-वीस पावलांवर झाडोरा आडवा येतो, म्हणजे मैलाभरात तिपाई किती वेळा रोवायची ते बघा. आणि प्रत्येक रोवणीला चूक शिरायची एक संधी.

पायाखाली दलदल असेल तर तिपाई हळूहळू रुतत जाते. बुडबुडा मध्ये आणेपर्यंत तो पुन्हा सरकतो. कोकणात जुलैत मी हे केलंय, सोबत पायमोज्यात जळवा. पण आमच्यामागे जीप होती आणि रात्री पिठलं-भात होता. त्यांच्याकडे वाळवलेलं मांस, बिस्किटं आणि हिवताप.

९. १८७६ च्या आयोगाने काय ठरवलं?

ग्रँटने १८७२ मध्ये तिघांचा आयोग नेमला: सैन्याच्या अभियंत्यांचे प्रमुख जनरल हम्फ्रीज, किनारा सर्वेक्षणाचे पॅटरसन आणि अॅमन. सगळ्या मोहिमांचे कागद समोर ठेवून त्यांनी फेब्रुवारी १८७६ मध्ये एकमताने निकाराग्वा निवडला. ललच्या अंदाजात निकाराग्वाचा खर्च सुमारे ६ कोटी ५७ लाख डॉलर होता, पनामाचा सुमारे ९ कोटी ४५ लाख.

१०. निकाराग्वाचा मार्ग तर चौपट लांब. तो स्वस्त कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. निकाराग्वाची रेषा १८१ मैलांची होती, पनामाची ४१.७. पण निकाराग्वात त्यातलं बरंचसं अंतर आयतं पाणी आहे: सान हुआन नदी आणि प्रचंड निकाराग्वा तळं. खोदायचे होते ते ६२ मैलांच्या आसपास. तळ्याची पातळी समुद्रापासून शंभराहून थोडे जास्त फूट. तळं आणि पॅसिफिक यांच्यामधली खिंड ऑर्व्हिल चाइल्ड्सने १८५०-५२ च्या सर्व्हेत शोधून ठेवली होती, ती फक्त १५३ फुटांवर. पनामात रेल्वेचा माथाच २७५ फुटांच्या आसपास होता. शिवाय वरच्या टप्प्याला पाणी पुरवणारं तळं निसर्गानेच बांधून दिलेलं. कालवेवाल्याला याहून काय हवं?

पनामात उलट. तिथे चाग्रेस नदी आडवी येते. एरवी शांत, पण पावसात एका दिवसात पंचवीस-तीस फूट चढते. ललने तिच्यापासून वाचायला काय सुचवलं ते पाहा: मातचिनला नदीवर सुमारे १,९०० फुटांचा जलसेतू बांधायचा आणि कालवाच पुलावरून पलीकडे न्यायचा. खाली पूर आलेली नदी, वर जहाजं! आराखड्यात एकूण २४ लॉक, बारा चढायला, बारा उतरायला. ही रचना पाहूनच आयोगाने पनामा बाजूला ठेवला असेल तर मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

निकाराग्वाची दुखरी बाजू म्हणजे बंदर. ग्रेटाउनचं तोंड वाळूने बुजलेलं होतं आणि क्रॉसमन मेला तो तिथेच (प्रश्न ७).

११. फ्रेंचांनी केला तो वाइजचा सर्व्हेही सरकारी होता ना?

नाही. इथे खूप गोंधळ होतो. लेफ्टनंट ल्युसियाँ वाइज फ्रेंच नौदलाचा अधिकारी होता, पण १८७६ ते ७८ च्या त्याच्या फेऱ्या एका खासगी मंडळीच्या पैशावर झाल्या. त्याचं मुख्य फलित मोजणी नसून करार होता. मार्च १८७८ मध्ये त्याने कोलंबियाकडून कालव्याचा ९९ वर्षांचा मक्ता मिळवला, तो पुढे सुएझवाल्या दे लेसेप्सच्या कंपनीने १ कोटी फ्रँकला विकत घेतला. पनामाच्या रेषेवर त्याने आणि त्याचा सहकारी रेक्ल्यूने घालवलेला वेळ ललच्या तुलनेत नगण्य.

१२. मग कालव्याचा मार्ग ठरवायला भरलेल्या १८७९ च्या पॅरिस परिषदेत अमेरिकन आकडे कुणी ऐकले का नाहीत?

ऐकले. लोक चपापलेसुद्धा. अॅमन आणि मेनोकाल नकाशे घेऊन तिथे गेले होते. मेनोकालने दाखवून दिलं की समुद्रसपाटीचा कालवा खोदलात तर चाग्रेस त्यात धबधब्यासारखी कोसळेल. पण परिषद भरवली होती दे लेसेप्सने. दहा वर्षांपूर्वी त्याने सुएझ पुरा केला होता. सुएझमुळे मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजाचा आफ्रिकेचा वळसा वाचला होता, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे कायदा. सुएझ सपाट, कोरडं, वाळूचं. लॉक नाही, नदी नाही. पनामातही तसंच हवं हा त्याचा हट्ट. २९ मे १८७९ ला मतदान झालं, पनामातल्या समुद्रसपाटीच्या कालव्याच्या बाजूने ७४, विरुद्ध ८. बरेच जण तटस्थ राहिले किंवा उठून गेले.

विरोधी मत देणाऱ्या आठांत गोदँ दे लेपिने नावाचा फ्रेंच अभियंता होता. तो म्हणाला, नदीशी भांडू नका. दोन्हीकडे धरणं बांधा, समुद्रापासून ८० फुटांवर एक कृत्रिम तळं करा आणि जहाजं लॉकने वर चढवून त्यातून न्या. कुणी लक्ष दिलं नाही. आज जहाजं गातुन तळ्यातून जातात, ते सुमारे ८५ फुटांवर आहे.

१३. रोगराईचा हिशेब या सर्व्हेंमध्ये होता का?

ताप येतो हे सगळ्यांना माहीत होतं, कसा येतो हे कुणालाच नाही. दलदलीतली दूषित हवा हे तेव्हाचं मान्य उत्तर. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवला, पिवळ्या तापाचा सिद्ध झाला १९०० मध्ये क्युबात. पनामात खोदाई करणारी दे लेसेप्सची फ्रेंच कंपनी १८८९ मध्येच बुडाली होती. त्यांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, आणि त्या वाट्यांत डास वाढत. त्या काळातल्या मृत्यूंचा अंदाज २२ हजारांच्या आसपास सांगतात. घनफुटांत माती, फुटांत पातळी, डॉलरमध्ये खर्च असे सगळे रकाने अहवालात होते. हा रकाना कुणी आखूच शकत नव्हतं.

१४. १९०१ च्या अमेरिकन आयोगाने आधी निकाराग्वा आणि दोन महिन्यांत पनामा म्हटलं. दबाव आला होता का?

राजकारण भरपूर होतं, पण कागदावरचं कारण साधं आहे: किंमत. अॅडमिरल वॉकरच्या आयोगाने १० लाख डॉलरच्या तरतुदीतून दोन्ही मार्ग नव्याने तपासले. निकाराग्वाला सुमारे १९ कोटी डॉलर, पनामाला १४ कोटी ४२ लाख. म्हणजे अभियांत्रिकीच्या हिशेबात आता पनामा स्वस्त होता, कारण फ्रेंचांनी बरंच खोदून ठेवलं होतं. पण बुडालेल्या कंपनीच्या जागी आलेली नवी फ्रेंच कंपनी आपल्या मालमत्तेचे १० कोटी ९० लाखांवर मागत होती आणि आयोगाच्या मते तिची किंमत होती ४ कोटी. म्हणून नोव्हेंबर १९०१ च्या अहवालात निकाराग्वा. जानेवारी १९०२ मध्ये कंपनी घाबरून ४ कोटींवर उतरली आणि आयोगाने १८ जानेवारीला पुरवणी अहवाल देऊन पनामा सुचवला. बेरीज करून पाहा, दोन्ही वेळी आयोग आपल्याच आकड्यांशी प्रामाणिक होता.

१५. पोस्टाच्या तिकिटाने निर्णय फिरला, ही गोष्ट खरी का?

तिकीट खरं आहे. फ्रेंच अभियंता ब्युनो-व्हारिया पनामाच्या बाजूने धडपडत होता. निकाराग्वाच्याच एका तिकिटावर धूर सोडणारा मोमोतोम्बो ज्वालामुखी छापलेला होता. मे १९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन अख्खं शहर भस्म झालं, तेव्हा ब्युनो-व्हारियाने वॉशिंग्टनमधून ती तिकिटं शोधून प्रत्येक सिनेटरला एकेक पाठवलं. १९ जूनला सिनेटने ४२ विरुद्ध ३४ मतांनी पनामाकडे कौल दिला. मोमोतोम्बो कालव्याच्या रेषेपासून बराच दूर, मानाग्वा तळ्याच्या काठी आहे, ही बाब तिकिटावर मावत नव्हती. पण केवळ तिकिटाने मतं फिरली असं म्हणणं म्हणजे प्रश्न १४ मधले आकडे विसरणं.

१६. पनामा कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड पूर्वेला आहे असं वाचलं. छपाईची चूक?

चूक नाही. संयोगभूमी तिथे आडवी, पूर्व-पश्चिम पसरली आहे. कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. नकाशा काढा, पटेल.

१७. निकाराग्वाचा मार्ग आता कायमचा संपला का?

अनेकदा संपला. १८८९ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ग्रेटाउनला खोदाई सुरू केली, काही वर्षांत पैसे संपले. यंत्रं तिथेच गंजली. २०१३ मध्ये निकाराग्वा सरकारने एका चिनी उद्योजकाच्या कंपनीला कालव्याचा मक्ता दिला, २०१४ च्या अखेरीस उद्घाटन झालं, नंतर काम पुढे सरकलंच नाही आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेने तो मक्ता रद्द केला. त्या योजनेत अटलांटिककडची बाजू बदललेली होती. पॅसिफिककडचं टोक मात्र ब्रितो नदीच्या मुखाशीच ठेवलं होतं. १८७३ मध्ये लल आणि मेनोकालने लेव्हलची रेषा जिथे समुद्राला टेकवली, ते ब्रितोच.